चौकातले बाबा

१२ जून २०२३

नजोकतचे बाबा, सलाम.

आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली अल्लाकडे मागतो, इकडे ऊन फार, खरबुजं यंदा बरी, असं पानभर लिहून मग मुद्द्यावर यायची आपल्याकडे रीत आहे. ते पान मी लिहिलं आणि तुम्ही वाचलं असं धरून चला. जुमानियाज उद्या सकाळच्या बसने सीमेपलीकडे सारातोव्हला कामावर परत निघतोय, त्याच्या हाती हे द्यायचं आहे.

नजोकतचं लग्न ठरलं. चोविसावं सरत आलं तिचं, गल्लीतल्या बायकांनी तिला केव्हाच मोडीत काढलं होतं. मुलगा हझारास्पचा, दावरोन नाव, कालव्याच्या खात्यात आहे. नाकीडोळी बरा, बोलतो कमी. गेल्या गुरुवारी त्यांच्याकडची माणसं आली, रोटी मोडली, दुआ झाली. नऊ सप्टेंबर धरलाय.

विहीणबाई बोलायला गोड आहेत. दुसरा चहा होईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मुलीचे वडील कुठे दिसले नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारची शरोफत-खाला म्हणाली, "दिसले नाहीत कसे? येताना चौकातूनच आलात ना? तिथेच तर उभे आहेत."

बाई गोंधळल्या. चौकात त्यांना बेरूनीच्या पुतळ्याशिवाय कुणी दिसलं नव्हतं. मग खालाने सगळी कथा ऐकवली, स्वतःचा मसाला घालून. पंचवीस वर्षांपूर्वी चौकातल्या लेनिनला उतरवून त्याच चौथऱ्यावर बेरूनीला उभं करायचं ठरलं; चौथऱ्याला नवी फरशी बसवायचं काम तुमच्याकडे होतं; शिल्पकार आला तो नुसतं धड घेऊन आला, कारण हजार वर्षांपूर्वी आपल्या ख्वारझममध्ये जन्मलेला तो ताऱ्यांचा पंडित दिसायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा तुमचे वडील नुकते वारले होते, चाळिसावा व्हायचा होता, म्हणून दाढी वाढलेली. शिल्पकाराने तुम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "या गवंड्याच्या चेहऱ्यावर विचार आहे." हे वाक्य सांगताना शरोफत-खाला छातीवर हात ठेवते. विचार कसला होता ते मला माहीत आहे. सिमेंट कमी पडणार होतं.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फार छान. पण मुलगी घरातून निघताना तिच्यासाठी हात कोण उचलणार? बापाची दुआ लागते. ती काय सिमेंट करणार?"

आत किटलीत पाणी ओतत असलेली नजोकत तिथूनच म्हणाली, "बाबा करतील. ते येतील."

मी खाली मान घालून साखर फोडत बसले. तर या. एवढंच लिहायचं होतं. एक दिवस या, हात उचला, हवं तर लगेच परत जा.

फोन का केला नाही म्हणाल. केला होता, नवरोझला. एका बाईने उचलला. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. चुकीचाच असेल.

आणखी एक. पुतळा काढणार आहेत. चार सप्टेंबरला बेरूनीला एक हजार पन्नास वर्षं होतात, त्यासाठी राजधानीतून नवा येतोय, ब्राँझचा. तुमचा जाणार. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

नजोकतची आई


५ जुलै

नजोकतचे बाबा,

जुमानियाजचा फोन आला. "वहिनी, पत्र दिलं," म्हणाला.

"वाचलं का?"

"माझ्यासमोर वाचलं. दोनदा."

"मग?"

"म्हणाला, बघतो."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. सर्दी झालीय त्याला."

बघतो. छपरातून पाणी गळायचं तेव्हाही तुम्ही हेच म्हणायचात. छप्पर शेवटी माझ्या भावाने केलं.

मी त्याला बाकी काही विचारलं नाही. तुमचे सदरे कोण धुतं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, रेंज जातेय." रेंज उत्तम होती, त्याच्या मागे कोंबडा आरवला तोही मला ऐकू आला.

नजोकत तुमच्यासाठी अडून का बसली आहे हे तुम्हाला समजायला हवं, म्हणून लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. रोज विचारायची. घरात तुमचा एकच फोटो, तोही लग्नातला, टोपी डोळ्यांवर आलेली. शेवटी एकदा बाजारात जाताना मी तिला चौकात उभी केली आणि वर बोट दाखवलं. ते बघ बाबा. तिने मान उंच करून पाहिलं, पाहिलं, आणि हात हलवला. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. शाळेतून येताना रोज तिथे थांबून यायची. गणितात किती मिळाले ते तुम्हाला आधी कळायचं, मला नंतर. यात मी काही वावगं केलं असं मला अजूनही वाटत नाही. चेहरा तुमचाच होता.

मग तिसरीत बेरूनीचा धडा लागला. पोरवयातच त्याने सूर्याची उंची मोजून आपलं गाव पृथ्वीवर नेमकं कुठे आहे ते काढलं. गझनीच्या सुलतानाने ख्वारझम जिंकलं आणि इथली शहाणी माणसं उचलून नेली, त्यात त्याला नेलं. तिथून तो हिंदुस्थानात गेला, तिथल्या पंडितांजवळ बसून संस्कृत शिकला, एका किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढला आणि तिथून सबंध पृथ्वी किती मोठी आहे ते मोजलं. परत इथे राहायला काही आला नाही, गझनीलाच मेला. बाई हे वाचत होत्या आणि सगळा वर्ग नजोकतकडे बघत होता. आणि ती नुसती मान डोलवत होती, घरचंच कुणी बोलतंय तशी. मला हे बाईंनीच नंतर हसत हसत सांगितलं.

हसू पुढच्या ओळीला थांबलं. पुढची ओळ होती, बेरूनीने लग्न केलं नाही, त्याला मूलबाळ नव्हतं, पुस्तकं हीच त्याची मुलं.

ती घरी आली, दप्तर न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी कुणाची?"

मी पीठ मळत होते. काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मारलं असेल किंवा जवळ घेतलं असेल.

आता ती त्याच शाळेत भूगोल शिकवते. तुम्ही बेकचान गवंडी आणि तो बेरूनी, हे तिला व्यवस्थित कळतं, वेडी नाही ती. पण तुमच्याबद्दल बोलायला लागली की मध्येच कुठेतरी गाडी रूळ बदलते. मी चिडून काही बोलले तर म्हणते, "त्याला कुणी विचारून नेलं होतं का, आई? सुलतानाचा हुकूम होता."

"तुझ्या बाबाला कुठला सुलतान?"

"तेव्हा गावात काम होतं का? सुलतान काय एकाच तऱ्हेचा असतो?"

अशी तिने तुम्हाला माफी देऊन टाकली आहे, परस्पर. त्यात तुमचा एका पैशाचा हात नाही, सगळी पुण्याई त्याची. म्हणून मी कधी त्या माणसाचे आभार मानते आणि कधी मला त्याचा राग येतो. हजार वर्षं झाली तरी याचं नाव निघतं, मान आहे, वाढदिवस आहे, आणि हाही घर सोडूनच गेला होता. मग एकाला हार आणि दुसऱ्याच्या बायकोला टोमणे, हा हिशेब मला लागत नाही.

या. सर्दीवर जिरं उकळून प्या.

नजोकतची आई


१० ऑगस्ट

नजोकतचे बाबा,

हे पत्र बसचा ड्रायव्हर आणेल, त्याला जुमानियाजचा पत्ता दिला आहे. मागच्याचं उत्तर नाही. बघताय अजून?

काल नजोकतने मला जिल्ह्याच्या हाकिमांच्या कचेरीत ओढून नेलं. हाकिम नव्हते, नायब होते. हा नायब म्हणजे पंपावरच्या खुदायबर्गनचा धाकटा, आपल्या अंगणातली जर्दाळू चोरायचा तो. आता टाय घालतो. आम्हाला चहा सांगितला आणि म्हणाला, "खाला, नवा पुतळा पाहाल तर डोळे दिपतील. अस्सल ब्राँझ."

नजोकत म्हणाली, "चेहरा कुणाचा आहे?"

"कुणाचा म्हणजे? बेरूनीचा."

"तो कुणी पाहिलाय?"

"पाहायला कशाला हवा? मंजूर झालाय."

"आणि आत्ता जो आहे तो?"

"तो मंजूर नव्हता. तेव्हा जरा घाई झाली होती."

म्हणजे पंचवीस वर्षं या गावातल्या सगळ्या नवऱ्या-नवरदेवांनी नामंजूर चेहऱ्यापुढे फुलं ठेवून फोटो काढले. परीक्षेला जाणाऱ्या पोरांनी त्याच्या बुटाला हात लावून लावून रंग घालवला, तो बूटही नामंजूर. मला हसूच आलं. नायबाला वाटलं मी रडतेय. आवाज खाली आणून म्हणाला, "खाला, तुमचं दुःख कळतं. पण पुतळा गेला म्हणून काका थोडेच जातात?"

"काका केव्हाच गेले," मी म्हटलं.

तो टाय नीट करत बसला. बाहेर आल्यावर खरबुजांच्या गाडीपाशी मला खरंच रडू आलं, आणि गाडीवाल्याने एक खरबूज फुकट दिलं. हे सगळं एका तासाच्या आत झालं. अशी माझी अवस्था आहे.

घरी माझा भाऊ मद्राहीम येऊन बसला होता. त्याने गेले दोन महिने मंडप, आचारी, गाड्या, सगळं अंगावर घेतलंय. मी म्हटलं, "बाबा नाही आले तर मामा हात उचलेल, त्यात काय एवढं?" नजोकत म्हणाली, "मामाची दुआ मला हवीच आहे. पण बाबांनी हात उचलल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही. गाडी दारात उभी राहील. राहू दे."

"म्हणजे मी कोण, भाड्याचा?" मद्राहीम म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघून गेला. संध्याकाळी परत आला, तिच्यासाठी गरम रोट्या घेऊन. तिच्यावर कुणाला फार वेळ रागावता येत नाही, तुमच्यावर गेलीय.

लोक अजून मला विचारतात की तुम्ही का गेलात. कामासाठी, असं मी म्हणते, सगळेच कामासाठी गेले. पण बाकीचे हिवाळ्यात परत यायचे. मला वाटतं, तुम्हाला त्या पुतळ्याने हाकललं. चहाच्या दुकानात तुम्ही बसलात की पोरं म्हणायची, "काय पंडितजी, उद्या ग्रहण आहे का?" भिंत वाकडी झाली तर म्हणायचे, पृथ्वी सरळ मोजली आणि भिंत चुकली. चौकातून जायला नको म्हणून तुम्ही कालव्याच्या बाजूने यायला लागलात. दाढी काढलीत. जायच्या दिवशी मी म्हटलं, "लवकर या." तुम्ही म्हणालात, "गावात एक उभा आहे ना. दोघांची काय गरज." मी ते थट्टेवारी नेलं. थट्टाच होती ना?

नजोकत वर्गात एक गोष्ट शिकवते. बेरूनी तरुण असताना त्याने आणि बगदादच्या एका विद्वानाने ठरवून एकाच चंद्रग्रहणाकडे पाहिलं, हा इथून, तो तिथून. कुणाला किती वाजता दिसलं ते लिहून ठेवलं आणि त्या फरकावरून दोन गावांमधलं अंतर काढलं. पोरांना हे फार आवडतं. मलाही आवडतं. त्या दोघांनी निदान एकमेकांना आधी कळवलं होतं.

नजोकतची आई


३० ऑगस्ट

नजोकतचे बाबा,

तुम्हाला उतरवलं. म्हणजे त्याला. म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

सकाळी क्रेन आली. चौकात जत्रा. क्रेनवाला दोर गळ्यात टाकायला तयार होईना. म्हणाला, माझी बायको याच्या बुटाला हात लावून गेली आणि सात वर्षांनी मूल झालं, मी याला फाशी देणार नाही. नायबाने ओरडून पाहिलं. शेवटी दोर काखेतून घातला, दोन्ही बाजूंनी म्हाताऱ्या "सांभाळून, सांभाळून" म्हणत होत्या, जणू कुणाला दवाखान्यात नेतायत. नजोकत शाळेच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "पुन्हा नेलं."

नगरपालिकेच्या आवारात आडवं ठेवताना डोकं सुटलं. आतून पोकळ होतं आणि त्यात चिमण्यांचं घरटं होतं. त्यांनी ते फोडायचं ठरवलं, तर ट्रॅक्टरवाला म्हणाला की ज्यांचं आहे त्यांना देतो, आणि तिसऱ्या प्रहरी डोकं ट्रॉलीत घालून आपल्या दारात हजर.

"वहिनी, कुठे ठेवू?"

आता नवऱ्याचं डोकं कुठे ठेवायचं हे कुणी शिकवलंय मला? तंदूरपाशी ठेव म्हटलं. जवळजवळ तंदूरएवढंच आहे. गल्ली लोटली बघायला. मग मशिदीतले मुल्लाजी आले, लांबून पाहिलं आणि म्हणाले, "रोहात, लग्नाच्या घरात मूर्ती?"

शरोफत-खाला म्हणाली, "मूर्ती कुठली? तिचा नवरा आहे."

मुल्लाजींनी थोडा विचार केला. "मग नवऱ्याला झाका," म्हणाले.

जेवणाला अंथरायच्या दस्तरखानाचं जुनं कापड टाकलंय.

सगळे गेल्यावर मी कापड बाजूला करून समोर बसले. इतकी वर्षं तुम्हाला खालूनच पाहत आले. खालून तुम्ही विचारात दिसायचात, सबंध गाव तेच म्हणायचं. समोरून तसं दिसत नाही. समोरून तुम्ही घाबरलेले दिसता. भुवया वर गेलेल्या, तोंड अर्धवट उघडं, कुणी जोरात नाव पुकारावं आणि माणसाने वळून बघावं तसं. घाबरला होतात का तुम्ही? कशाला? मी तेव्हा शेजारीच होते, रोज जेवण घेऊन यायचे त्या चौथऱ्यापाशी, मला वाटायचं तुम्ही एका जागी बसून कंटाळलात. काही म्हणाला असतात तर. पण तुम्ही काय म्हणणार, आणि मी तरी काय करणार होते. शिल्पकाराला तेवढं दिसलं आणि त्याने त्याला विचार असं नाव दिलं.

वीस वर्षं मी जो राग धरून बसले तो एका धीट माणसावर धरला होता. आता तो कुठे ठेवू ते कळत नाही.

नऊ तारखेला लग्न आहे. बाकी काही लिहीत नाही.

नजोकतची आई


१२ सप्टेंबर

बेकचान गवंडी यांस,

तुम्ही आला नाहीत.

लग्न झालं. तुमच्यावाचून काही अडलं नाही असं लिहायचं होतं, पण अडलं होतं, म्हणून कसं सुटलं ते लिहिते. वाचा आणि लाज वाटली तर वाटू द्या.

चार तारखेला नवा पुतळा बसला. चकचकीत आहे. हातात ताऱ्यांचं यंत्र, नजर आकाशात, कुणाकडे बघत नाही. भाषणं झाली. बेरूनीचं नाव चंद्रावरच्या एका खड्ड्यालाही दिलं आहे असं एक पाहुणा म्हणाला. शरोफत-खालाने विचारलं की तो खड्डा बुजवायला आमचाच गवंडी लागणार का.

नऊला सकाळी पुलाव झाला, तीनशे माणूस जेवलं. दुपारी हझारास्पची गाडी दारात लागली, लांब पितळी करना फुंकले, ढोल वाजले. नजोकतला पांढऱ्या पोशाखात आणलं. उंबरठ्यावर आली आणि थांबली. मद्राहीमने हात उचलले, रडत रडत दुआ केली, अंगणाने आमीन म्हटलं. तिने मामाचे हात डोळ्यांना लावले आणि तिथेच उभी राहिली.

कुणाला आधी काही कळलं नाही. मग कळलं. करनावाल्यांनी वाजवायचं थांबवलं. विहीणबाई दावरोनकडे बघतात, दावरोन बुटांकडे बघतोय. कुणीतरी म्हणालं, "चल पोरी, ऊन लागतंय." ती फाटकाकडे बघत होती. तिच्याबरोबर तीनशे माणसं फाटकाकडे बघायला लागली. मला वाटलं आता विहीणबाई माघारी फिरतील, आणि वाटलं फिरू देत, आणि वाटलं तिला ओढून गाडीत घालावं.

तेवढ्यात तंदूरपाशी बाकावर एक म्हातारा बसला होता, झाकलेल्या डोक्याच्या शेजारीच, तो उठला. बारीक माणूस, दाढी नाही, जाकीट उन्हाने विटलेलं. पुढे आला नाही. तिथूनच त्याने दोन्ही हात उचलले. आपल्याकडे एकदा म्हाताऱ्या माणसाने दुआला हात उचलले की सगळ्यांचे उचलले जातात, मध्येच कुणी विचारत नाही की तुम्ही कुणाकडचे. आम्हाला वाटलं हझारास्पचा कुणी वडीलधारा आहे. त्यांना वाटलं आमचा.

आवाज बसलेला होता. नेहमीचं म्हटलं त्याने आधी, सुखी राहा, जोडीने म्हातारे व्हा. मग थांबला. इतका थांबला की लोक हात खाली घ्यायला लागले. मग म्हणाला, "नजोकतच्या घराचं दार वाजलं की ते घरातल्याच माणसाने वाजवलेलं असो. हिला कुणाची वाट बघत बसावं लागू नये." आणि चेहऱ्यावरून हात फिरवले.

सगळ्यांनी फिरवले. मीही फिरवले, खरं सांगायचं तर मी पाहुण्यांच्या गाडीत रोट्या ठेवल्या का याचा विचार करत होते. डोळे उघडले तर नजोकत उंबरठ्याच्या पलीकडे होती.

नंतर त्या म्हाताऱ्यासाठी मी ताट भरून पाठवलं. वाढणारी पोर ताट तसंच घेऊन परत आली. बसच्या थांब्याकडे गेला म्हणे. एक परका माणूस येतो, तुमचं काम करतो, आणि न जेवता जातो. आणि तुम्ही तिकडे बघत बसता.

रोहात


२४ सप्टेंबर

बेकचान,

जुमानियाजचा फोन आला होता. म्हणाला, "वहिनी, बेकचान अजून तिकडेच आहे का? त्याच्या जागी माणूस लावायचा की नाही ते सांगा. मीच त्याला बसमध्ये बसवून दिला लग्नासाठी."

मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

मी तुम्हाला ओळखलं नाही. ज्या माणसाचा चेहरा मी रोज बाजारात जाता-येता पाहिला, तो माझ्या अंगणात सकाळभर बसला होता, आणि मी त्याच्यासमोरून चार वेळा किटली घेऊन गेले. एकदा तर म्हणाले, "बाबाजी, जरा पाय घ्या." तुम्ही घेतलेत. फोन ठेवल्यावर मी कापड काढून त्या सिमेंटकडे बघत बसले, काही सापडतंय का. काही जुळेना. मग कापड परत टाकलं आणि डोळे मिटले, तर बाकावरचा माणूस दिसला, आणि तो तुम्हीच होतात, त्यात शंकाच नव्हती. पाय घेताना तुम्ही "हं" म्हणालात. इतकं कसं ऐकू आलं नाही मला?

रागावू का? तुम्ही आलात. दुआ केलीत, आणि ती कुणी उगाच केलेली दुआ नव्हती. की रागावूच? तुम्ही दहा पावलांवरून हात उचललेत आणि तिच्याजवळ गेला नाहीत. माझ्याकडे बघितलंत का तरी? मी आता दिवसातून तीनदा मत बदलते. सकाळी वाटतं तुम्ही भित्रे आहात. दुपारी वाटतं तीनशे माणसांत तसं उठून उभं राहायला छाती लागते. संध्याकाळी काही वाटत नाही, भांडी घासते.

मुद्दा तो नाही. मुद्दा नजोकत आहे. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "आई, ते आजोबा कोण होते?" मी तेव्हा खरंच जे वाटत होतं ते सांगितलं, हझारास्पचे असतील. "नाही गं," म्हणाली, "इथे सगळ्यांना विचारलं. इथले म्हणतात तुमच्याकडचे." काल पुन्हा विचारलं. म्हणाली, "मामाच्या दुआला माझा पाय उचलला नाही आणि त्या माणसाच्या दुआला उचलला, हे मला कळतच नाहीये." दावरोनला घेऊन ती पुढच्या शुक्रवारी माहेरी येईल आणि माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

आजवर तुमच्याविषयी तिला जे काही सांगायचं ते मी सांगितलं. नव्हतात तेव्हा बोट दाखवून सांगितलं, ती रडली तेव्हा सांगितलं, मला माहीत नव्हतं तेव्हाही सांगितलं. आता मला माहीत आहे आणि सांगता येत नाही. तुझे बाबा आले होते, एवढ्यावर थांबू? मग पुढचं कोण सांगणार, की ते न जेवता गेले? तुम्ही सारातोव्हला पोचलात की नाही तेही मला माहीत नाही. पत्र जुमानियाजकडेच पाठवते, कधीतरी तिथे याल.

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तुमचा फोन चालत नसेल तर त्या बाईंच्या फोनवरून करा, माझं काही म्हणणं नाही. दुपारी निवांत वेळी करा. ती उचलेल. "हं" म्हणून थांबू नका, कोण बोलतंय ते सांगा, ती गप्प राहिली तरी ठेवू नका.

मला करू नका. तिला करा.

रोहात